घरातल्या म्युझिक सिस्टीमसाठी वेगळी लाईन: सारखे येणारे प्रश्न

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतो आणि घरी गाणी ऐकायचा नाद, त्यामुळं मित्र, मित्रांचे मेव्हणे, मेव्हण्यांचे शेजारी सगळे हेच विचारत असतात. तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एका जागी लिहून टाकलंय. नंबर टाकलेत, एकातनं दुसऱ्यावर उडी मारायला सोपं जातंय.

१. वेगळी लाईन म्हणजे नक्की काय? वेगळं मीटर घ्यायला लागतंय का?

नाही ओ, मीटर तेच. डीबीत (घरातल्या सगळ्या लाईनी जिथनं फुटतात ती पेटी) एक नवीन एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका), तिथनं फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन वायरी थेट सिस्टीमच्या मागच्या सॉकेटपर्यंत. मधे जोड नाही, मधल्या बोर्डातनं फांदी नाही, त्या वायरीवर दुसरं काहीही नाही. आपल्याकडं जुन्या घरात हॉलच्या एकाच वायरीवर पंखा, ट्यूब, टीव्ही, देवघरातला दिवा आणि जिन्यातला बल्ब असं सगळं लटकलेलं असतंय आणि त्यातच अँप (अँप्लिफायर) खोचलेला असतोय. न्यूट्रलसुद्धा स्वतंत्र पाहिजे, हे लई जण विसरतात, ते आठव्या प्रश्नात बघा.

२. खरं सांगा, आवाज सुधारतो का?

गाणं गोड होत नाही. अँपच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर बसवलेले असतात ते भिंतीतनं आलेल्या एसीचा (दिशा बदलत राहणाऱ्या करंटचा) डीसी (एकाच दिशेचा) करायलाच, आणि वीज खांबावरनं एवढी लांब येते त्यात शेवटच्या पंधरा मीटरला सोन्याची वायर टाकली तरी तबला काही वेगळा वाजणार नाही. पण फ्रिज चालू-बंद होताना स्पीकरमधनं येणारं "टक्", सगळी डबडी वेगवेगळ्या बोर्डावर असल्यामुळं येणारी भुणभुण, आणि मिक्सर लावला की लाईट डुलतात तसला प्रकार, हे कमी होऊ शकतंय. फ्रिजचा टक् पूर्ण जाईलच असं नाही, कारण डीबी शेवटी एकच.

माझंच सांगतो. मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर, दोन वर्षं स्पीकरमधनं मधूनच चरचर. मी आधी अँप बदलला (होय, आधी अँप बदलला, हसा). मग एका रविवारी मेन बंद करून हॉलचा बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू बोटानं फिरत होता, वायरीची निम्मी तारं काळी पडलेली, आणि वर गुंडाळलेली टेप हात लावल्यावर पापडासारखी तुटली. नवी लाईन ओढली, चरचर गेली. श्रेय लाईनचं का घट्ट स्क्रूचं म्हणाल तर निम्म्याच्या वर स्क्रूचं.

३. भिंत फोडायच्या आधी फरक पडतोय का बघायची काही सोय आहे का?

आहे, आणि हे केल्याशिवाय गवंड्याला बोलवू नका. गिझरचा पॉईंट बहुतेक घरात डीबीतनं वेगळाच आलेला असतोय. जाड वायरीचा, तीन पिनचा चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या, गिझर बंद करून त्या पॉईंटला लावा आणि कोरड्या फरशीवरनं हॉलपर्यंत आणून अख्खी सिस्टीम त्याच्यावर चालवा. एक संध्याकाळ ऐका. फ्रिज चालू होऊ दे, पाण्याची मोटर चालू होऊ दे. फरक पडला तर लाईनचे पैसे वसूल. काहीच पडला नाही तर दुखणं दुसरीकडं आहे, बारावा आणि तेरावा प्रश्न वाचा. एक्स्टेंशन पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळी तशीच ठेवून लोड टाकला की तापतंय. आणि ही फक्त टेस्ट, कायमची सोय नव्हे.

४. हॉलमध्ये एसीचा पॉईंट रिकामा आहे, एसी घेणार नाही. तोच वापरला तर?

मग तुमचं काम झालंय की. ती वेगळी लाईनच आहे. वायरमनकडनं तीन गोष्टी बघून घ्या: वायर खरंच डीबीतनं सरळ आलीय का, अर्थिंग जोडलंय का नुसतं सॉकेटला भोक आहे, आणि एमसीबी वायरीला साजेसा आहे का. पॉईंट छताजवळ असतो तो भिंतीवरच्या प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतनं खाली उतरवून घ्या.

५. वायर कितीची टाकू? दुकानदार ६ स्क्वेअर एमएम घ्या म्हणतोय.

दुकानदार म्हणणारच. हिशोब बघा. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण ८ ओहम रेझिस्टन्स, ४ ला साधारण ५. डीबी ते सॉकेट १५ मीटर धरलं तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे २.५ ला ०.२४ ओहम आणि ४ ला ०.१५. सिस्टीम ५ अँपिअर खेचतीय असं धरलं, म्हणजे ११५० वॅट, जे घरात गाणी ऐकताना बहुतेक कुणाचं होत नाही, तरी २.५ वर १.२ व्होल्ट पडतात आणि ४ वर पाऊण व्होल्ट. २३० मधले अर्ध्या व्होल्टाचे हे भांडण.

म्हणून २.५ पुरतंय. लांब घर आहे, मोठा पॉवर अँप आणि सबवूफर आहे, किंवा परत भिंत फोडायची नाही म्हणून एकदाच करून टाकायचंय तर ४ टाका. ६ ची वायर साध्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये नीट बसत नाही, मग वायरमन चार तारं कापून बसवतो, आणि जाड वायरीचा सगळा फायदा तिथंच गेला. तिन्ही वायरी एकाच जाडीच्या घ्या. आयएसआय मार्कची एफआर (सहज पेट न घेणारी) तांब्याची वायर, फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी. उरलेल्या तुकड्यांतनं रंग जुळवत बसू नका, पुढच्या माणसाचा जीव जातोय.

६. एमसीबी किती अँपिअरचा? बी का सी?

२.५ च्या वायरीला १६ अँपिअर. वायर ४ ची टाकली तरी शेवटी सॉकेट १६ चंच आहे म्हणून १६ च ठेवा. एमसीबी वायरीला आणि सॉकेटला वाचवतो, अँपला नाही, त्यामुळं "ट्रिप होतोय म्हणून ३२ चा टाकला" हे वायर जाळायचं काम आहे.

बी आणि सी चा फरक असा की बी टाईप रेटिंगच्या ३ ते ५ पट करंट आला की तत्काळ पडतो आणि सी टाईप ५ ते १० पटीला. मोठ्या टोरॉइड (गोल कड्यासारख्या) ट्रान्सफॉर्मरचा अँप चालू करताना क्षणभर दणकून करंट खेचतो, त्यामुळं बी वर कधीकधी चालू करतानाच खटका पडतोय. सी घ्या. तरीही पडत असेल तर अँपमध्ये सॉफ्ट स्टार्ट (करंट हळूहळू चढवायची सोय) आहे का बघा.

७. सॉकेट कुठलं? इंपोर्टेड ऑडिओ ग्रेड घेऊ का?

पैसे जास्त झालेत का? चांगल्या कंपनीचं साधं ६/१६ अँपिअरवालं सॉकेट घ्या, पिन घट्ट धरणारं. बाहेरून आणलेल्या सॉकेटमध्ये आपली मोठी पिन जात नाही, मग कन्व्हर्टर, मग कन्व्हर्टरमध्ये ठिणगी. दोन-तीन सॉकेटं एका बॉक्समध्ये शेजारी बसवा म्हणजे सगळी सिस्टीम एकाच जागेवरनं चालेल, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. अर्थची पिन वर धरून समोरनं बघितलं तर उजवीकडं फेज पाहिजे. आणि वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून मगच स्क्रू आवळायला सांगा. महिन्याभरानं मेन बंद करून एकदा परत आवळून घ्या, तांबं थोडं बसतंय.

८. लाईन टाकल्यापासनं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडतोय. वायरमन म्हणतोय काढून टाकू.

आरसीसीबी काढायचा नाही. वायरमन बदलायचा.

बहुतेक वेळा कारण हे: नव्या लाईनची फेज आरसीसीबीच्या पुढनं घेतली आणि न्यूट्रल जवळ दिसला त्या डीबीतल्या दुसऱ्याच न्यूट्रल पट्टीला लावला. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट मोजतो, दोन्हीतला फरक ३० मिलिअँपला पोचायच्या आतच पडतो, आणि इथं परत येणारा करंट दुसऱ्या वाटेनं चाललाय. हॉलचा न्यूट्रल उधार घेतला तरी हेच. न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या खाली गेला की शांत.

दुसरं कारण जरा नाजूक. स्ट्रीमर (नेटवरनं गाणी वाजवणारा डबा), टीव्ही, सेट टॉप बॉक्स, सर्ज प्रोटेक्टर या सगळ्यांत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडा थोडा करंट अर्थला सोडत असतात, आणि अख्ख्या घराचं मिळून १५-२० मिलिअँप झालं की एकच आरसीसीबी काठावर येऊन बसतोय. अशा वेळी ऑडिओच्या लाईनला स्वतंत्र आरसीबीओ टाका, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकातच. पाऊस सुरू झाला की पडायला लागला असेल तर मात्र आधी भिंतीतली ओल शोधा, अँपचा दोष नाही.

९. अँपच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. शॉक नाही, मुंग्याच.

ह्येच आठव्या प्रश्नातले फिल्टर कपॅसिटर. अर्थिंग तुटलेलं असलं की बॉडी अधांतरी राहते आणि मीटरला ११० च्या आसपास व्होल्ट दाखवते. करंट नगण्य म्हणून नुसत्या मुंग्या, पण याचा अर्थ तुमच्या घरात अर्थिंग नाही, आणि उद्या खरोखर फेज बॉडीला लागली तर मुंग्यांवर भागणार नाही.

कोल्हापुरातल्या पेठांमध्ये हे लई बघितलंय. जुन्या घरात अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाईपला बांधलेलं असायचं, पुढं कधीतरी प्लंबरनं पाईप बदलून प्लास्टिकचा टाकला, आणि अर्थिंगची वायर आजपण इमानदारीत त्या प्लास्टिकला बांधलेली आहे. खड्ड्याचं अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात माती सुकून रेझिस्टन्स वाढतोय, म्हणून मे महिन्यात मुंग्या आणि जुलैत गायब असंही होतंय. खड्ड्यात पाणी घालायची पाईप असते ती शोभेची नाही.

मोजायचं असेल तर फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. घरात चांगला लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ एकदम शून्य आलं तर खूश होऊ नका, कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेलं असू शकतंय. नीट चेकिंग अर्थ टेस्टरवाल्याकडनंच करून घ्या.

१०. ऑडिओसाठी अंगणात वेगळा अर्थिंगचा खड्डा मारला तर एकदम क्लीन अर्थ मिळतो ना?

या एका सल्ल्यानं मला सगळ्यात जास्त राग येतोय. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम आला, जो वाईट नाही. अँपमध्ये फॉल्ट होऊन फेज बॉडीला लागली तर किती करंट जाईल? २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. तुमचा १६ चा सी टाईप एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ वर तो तासाभरातसुद्धा पडेलच असं नाही, आणि तेवढा वेळ अँपच्या बॉडीवर करंट. आरसीसीबी नसेल तर माणूस गेला.

शिवाय एका घरात दोन सुटे अर्थ म्हणजे दोघांत व्होल्टेजचा फरक, म्हणजे जी भुणभुण घालवायची होती तीच आणली. जवळपास वीज पडली तर हा फरक हजारोंत जातो आणि तो तुमच्या सिग्नल केबलमधनं वाट काढतो. खड्डा नवीन मारायचाच तर मारा, पण जाड तांब्यानं घराच्या मेन अर्थला बांधा, म्हणजे अख्ख्या घराला फायदा.

११. अर्थची पिन काढली की भुणभुण पूर्ण जातीय. तसंच ठेवू का?

नको. तुम्हाला निदान मिळालं, औषध नाही. पिन काढल्यावर जाते म्हणजे ग्राउंड लूप (जोडलेल्या डब्यांना दोन वाटांनी अर्थ मिळून झालेलं वेटोळं) आहे हे नक्की झालं, आता पिन परत लावा आणि पुढचा प्रश्न वाचा.

१२. वेगळी लाईन टाकली, अर्थिंग पण चांगलं आहे, तरी हम (भुणभुण) आहे. पैसे वाया गेले काय?

एकेक केबल काढत जा. आधी डिशची किंवा केबल टीव्हीची गोल वायर सेट टॉप बॉक्समधनं काढा. हम थांबला तर चोर सापडला: ती केबल गच्चीवरनं स्वतःचा दुसरा अर्थ घेऊन येतीय, आणि लाईन कितीही वेगळी टाकली तरी हा मागच्या दारानं आत येणारच. कोॲक्सचा (त्या गोल वायरीचा) आयसोलेटर मिळतो, तो लावा. मग कॉम्प्युटर काढून बघा, चार्जरला लावलेल्या लॅपटॉपची यूएसबी वायरपण हेच करते. आरसीए केबलच्या (डब्यांना जोडणाऱ्या साध्या ऑडिओ केबलच्या) मधे बसवायचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हाही उपाय आहे, आणि दोन्ही डब्यांना एक्सएलआर (तीन पिनची ऑडिओ जोडणी) असेल तर ते वापरा. पॉवरच्या आणि सिग्नलच्या वायरी एकाच गठ्ठ्यात बांधल्या असतील तर सोडा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

१३. स्पीकर शांत, पण अँपच गुणगुणतोय.

हे वेगळं दुखणं. टोरॉइड ट्रान्सफॉर्मरला एसीसोबत थोडा डीसी आला तरी तो यांत्रिक गुणगुण करतो. हेअर ड्रायर लो वर लावल्यावर गुणगुण वाढते का बघा, काही ड्रायर लो ला डायोडमधनं अर्धीच वेव्ह घेतात. हे वेगळ्या लाईननं थांबत नाही, त्याला डीसी ब्लॉकर लागतोय. स्पीकरमधनं येणारी चिरचिर जर पंख्याचा गोल फिरवायचा जुना रेग्युलेटर कमी केल्यावर येत असेल तर तो रेग्युलेटर काढून कपॅसिटरवाला स्टेपचा टाका. लाईनपेक्षा लई स्वस्त.

१४. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज १८० ला येतंय. लाईननं सुधारेल?

नाही. ते खांबावरनंच कमी येतंय, घरातली वायर बदलून वाढणार कुठनं. आधी महावितरणकडं तक्रार नोंदवा, आणि फक्त तुमच्याच घरात असेल तर मीटरपासनं डीबीपर्यंतचे जोड तपासा. स्टॅबिलायझर घ्यायचा तर रिलेवाला टकटक करत टप्प्याटप्प्यानं बदलतो, सर्वो सावकाश बदलतो, ऐकायला सर्वो बरा. तो डीबीजवळ ठेवा, स्पीकरशेजारी नको.

१५. ही लाईन इन्व्हर्टरवर घेऊ का?

नको. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाला अँप भुणभुणतो आणि तापतो. साईन वेव्हचा असेल तर चालतंय, पण लाईट गेल्यावर पंखा हवाय का गाणी हे घरच्यांना विचारून ठरवा.

१६. घरात थ्री फेज आहे. कुठल्या फेजवर टाकू?

ज्या फेजवर मोटर आणि एसी नाही त्या. पण सिस्टीमची सगळी डबडी, सबवूफर आणि टीव्हीसकट, एकाच फेजवर. सबवूफर कोपऱ्यात लांब आहे म्हणून तिकडच्या बोर्डाला लावला आणि तो बोर्ड दुसऱ्या फेजवर निघाला तर केबलनं जोडलेल्या दोन डब्यांच्या फेजमध्ये ४०० व्होल्टचा फरक बसलेला असतोय. चालू राहील तोवर कळणारही नाही.

१७. भाड्याचं घर आहे, मालक भिंतीला हात लावू देत नाही.

केसिंग पट्टीतनं वरनं न्या, कडेकडेनं, जाताना काढून नेता येते. तेही नको म्हणाला तर सगळी सिस्टीम एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर आणा आणि तो बोर्ड घरातल्या सगळ्यात चांगल्या सॉकेटला लावा. निम्मा फायदा फुकट.

१८. मी स्वतः ओढू का? यूट्यूबवर बघितलंय.

पट्टी मारा, वायर ओढा, सॉकेटचा बॉक्स बसवा. डीबी उघडून जोडणी लायसनवाल्याकडनंच. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलला करंट असतोच, आणि घाईत हेच विसरायला होतंय.

१९. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा वेगळी लाईन म्हणजे सेफ ना?

एप्रिल-मे मधला आपला वळीव विचारून येत नाही. डीबीत टाईप २ चा एसपीडी (विजेचा झटका अर्थला वळवणारा सर्ज प्रोटेक्टर) बसवा, तो चांगल्या अर्थिंगवरच काम करतो (नववा प्रश्न). आणि आभाळ भरून आलं की प्लग काढा, सोबत डिशची वायर आणि इंटरनेटची तांब्याची केबलपण काढा. नुसता प्लग काढून बसलेल्या मित्राचा रिसिव्हर डिशच्या वायरीनं गेलाय.

२०. आमच्या घरात २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी शिरलं होतं. जुन्या पाईपातनंच नवी वायर ओढली तर चालेल का?

पाईपात गाळ बसलेला असतोय, वायर अडकते आणि ओढताना सोलते, त्यामुळं जुना पाईप सोडून द्या. पाण्याखाली गेलेली सॉकेटं आणि एमसीबी वरनं स्वच्छ दिसले तरी बदला, आतले पत्रे गंजलेले असतात. नवी लाईन छताकडनं आणा आणि सॉकेट पुराच्या खुणेच्या वर घ्या, जयंती नाल्याच्या बाजूला राहणाऱ्या एकानं खांद्याच्या उंचीवर घेतलंय, दिसायला विचित्र आहे पण त्याला कुणी हसत नाही. जुनी वायर ठेवायचीच असेल तर सगळं प्लगमधनं काढून वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन तपासायला सांगा. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडं १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती वायर गेली, आणि जेमतेम दीड-दोन आलं तर जुलैत परत मोजा.